हात बसल्यावाचून विद्या नाही
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक विद्यार्थी-गौरव समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या समारंभात विद्यार्थ्यांना चार शब्द सांगावेत, अशी आज्ञा मंडळाने आम्हांस केली. आम्ही वक्ते नव्हे. संगणकांची जाळी जोडणे, ती चालू ठेवणे आणि बंद पडली की रात्री-अपरात्री उठून दुरुस्त करणे, यात आमची वीसएक वर्षे गेली. तेव्हा ज्या विषयाची आम्हांस थोडीफार माहिती आहे, तोच आपल्यापुढे मांडावा, असे आम्ही ठरविले. विषय निवडण्यास आणखीही एक कारण आहे. विद्यार्थी साहाय्यक निधीच्या समितीवर आम्ही काही वर्षे आहोत. त्या समितीच्या हातून, म्हणजे आमच्याही हातून, एक चूक झाली आहे. ती आपल्यासमोर कबूल करावी आणि सुधारण्यास आपले साहाय्य मागावे, हाही आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

अलीकडे निधीकडे येणाऱ्या अर्जांत एका परीक्षेचे नाव वारंवार दिसते. तिला सी.सी.एन.ए. म्हणतात. सिस्को या अमेरिकन कंपनीची ही परीक्षा आहे. लेनर्ड बोसॅक आणि सँडी लर्नर या दांपत्याने १९८४ साली ही कंपनी स्थापन केली आणि १९९८ साली ही परीक्षा सुरू झाली. सध्याची परीक्षा २४ फेब्रुवारी २०२० पासून अमलात आली असून तिला १२० मिनिटे मिळतात. एकदा उत्तर देऊन पुढे गेलेल्या प्रश्नाकडे पुन्हा वळता येत नाही. उत्तीर्ण झाल्यावर मिळणारे प्रमाणपत्र तीन वर्षे चालते, पुढे त्याचे नूतनीकरण करावे लागते. परीक्षेचे शुल्क डॉलरमध्ये असते आणि आपल्या मध्यम स्थितीतील कुटुंबाला ते सहज झेपण्याजोगे नसते. म्हणूनच पालक आम्हांस विचारतात, "एवढे पैसे भरून मुलाच्या पदरात नक्की काय पडते?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी हे काम काय आहे, ते थोडक्यात सांगितले पाहिजे.

एखाद्या मोठ्या वाड्यात वीस बिऱ्हाडे आहेत, अशी कल्पना करा. वाड्यात एक जुना निरोप्या आहे. कोणत्या दारातून कोण बाहेर पडले, हे पाहून कोण कोठे राहतो ते तो ध्यानात ठेवतो. ज्याचा निरोप त्याच्या दारी पोहोचवितो. आणि माणूस ठाऊक नसेल, तर आला त्या दाराखेरीज सर्व दारी हाक देतो. स्विच नावाचे यंत्र नेमके हेच करते. प्रत्येक संगणकाला कारखान्यातून मिळालेला जो क्रमांक असतो, तो ते येणाऱ्या निरोपावरून शिकते. शिकलेली नोंद काही काळ वापरात आली नाही, तर विसरूनही जाते. नेहमीच्या मांडणीत ही मुदत ३०० सेकंदांची असते. परंतु निरोप वाड्याबाहेर, दुसऱ्या पेठेत किंवा परगावी जावयाचा असेल, तर या निरोप्याचा उपयोग नाही. तेथे वाटा जाणणारा लागतो. तो राउटर. पत्त्याचा कोणता भाग गावाचा आणि कोणता घराचा, हे तो पाहतो, आपल्या जवळच्या मार्गांच्या तक्त्यात त्या पत्त्याशी अधिकांत अधिक जुळणारी वाट शोधतो आणि निरोप पुढच्या मुक्कामी रवाना करतो. बँकेतील खातेवही, रेल्वेचे आरक्षण, इस्पितळातील अहवाल आणि परदेशी असलेल्या लेकीचा आवाज, हे सारे या दोन यंत्रांच्या खांद्यावरून जाते.

ही यंत्रे विकत आणून भिंतीला टांगली म्हणजे काम झाले, असे नाही. कोणत्या दारी कोणाला प्रवेश, कोणती वाट खुली, कोणती बंद, हे सारे त्यांना आज्ञा लिहून सांगावे लागते. आज्ञा लिहून यंत्र कामाजोगे करण्याच्या या क्रियेस कॉन्फिगरेशन म्हणतात. आपण तिला मांडणी म्हणू. परीक्षेची खरी कसोटी येथे आहे, आणि आमच्या चुकीचे मूळही येथेच आहे.

आमच्या निधीचा नियम असा होता की, विद्यार्थ्याने उत्तीर्ण झाल्याचे पत्र दाखवावे आणि शुल्क परत न्यावे. वरवर पाहता नियम चोख दिसतो. २०२३ साली आपल्याच एका कुटुंबातील मुलगा उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला. आम्ही त्याला शुल्क परत दिले आणि याच व्यासपीठावर त्याचा सत्कारही केला. पुढे चार महिन्यांनी तो एके सायंकाळी आमच्या घरी आला. बराच वेळ खाली मान घालून बसला. मग म्हणाला, "काका, मुलाखतीला गेलो होतो. त्यांनी समोर दोन स्विच ठेवले आणि म्हणाले, यांवर दोन वेगळी जाळी करून दाखवा. माझा हात कीबोर्डवर ठेवला तसाच राहिला." अधिक विचारता त्याने खरे ते सांगितले. परीक्षेतील प्रश्न चोरून, उत्तरांसह विकण्याचा एक धंदा चालतो. त्या उत्तरांना डम्प म्हणतात. त्याने ती विकत घेऊन पाठ केली होती. यंत्राला, किंवा यंत्राच्या आभासी प्रतिकृतीलाही, त्याने एकदाही हात लावला नव्हता. ही हकीकत त्याचे नाव न घेता सांगण्यास त्याने आम्हांस अनुमती दिली आहे आणि आज तो या सभागृहात उपस्थितही आहे.

दोष त्याचा होता, हे तो स्वतःच म्हणतो. अशा रीतीने परीक्षा देणे हा त्या परीक्षेच्या कराराचा भंग आहे आणि उघडकीस आल्यास प्रमाणपत्र रद्द होऊ शकते. परंतु आम्ही काय केले होते? आम्ही त्याच्याकडे केवळ कागद मागितला होता. ज्याला कागदावरच पैसे मिळतात, तो कागदाच्या जवळच्या वाटेने गेला, तर सगळा दोष त्याच्या माथी मारून आम्हांला हात झटकता येणार नाहीत.

बंधुभगिनींनो, आपण तांबटांची लेकरे. आपल्या आजोबांनी कोणाला कारागीर म्हटले, तर त्याच्याकडचा कागद पाहून नव्हे. पोराने हातोडी घ्यावी, पत्र्यावर ठोके घालावेत, ठोका चुकला की भांडे वाकडे व्हावे, ते पुन्हा तापवून मऊ करावे आणि पुन्हा मठारावे, असे करता करता हात बसे. मठारलेल्या हंड्यावर एकसारखे उमटलेले ठोके हेच त्याचे प्रमाणपत्र, आणि ते उसने आणता येत नसे. आज तांब्याचा हंडा घरातून गेला, पण जाळ्याच्या तारेत तांबे आहेच. एका तारेत पिळलेल्या चार जोड्या असतात. धातू तोच राहिला, तसा शिकण्याचा मार्गही तोच आहे, अशी आमची धारणा आहे.

तर त्या मुलाला आम्ही रोज सायंकाळी दोन तास येण्यास सांगितले. त्याचा अभ्यास कसा झाला, हे विद्यार्थ्यांनी लक्षपूर्वक ऐकावे. कारण यासाठी फारसा पैसा लागत नाही. सिस्को कंपनीच्याच शिक्षणसंस्थेत नाव नोंदविले, तर पॅकेट ट्रेसर नावाचे साधन विनामूल्य मिळते. साध्या संगणकाच्या पडद्यावर त्यात राउटर, स्विच आणि तारा मांडून आज्ञा देता येतात. खऱ्या यंत्राच्या सर्वच आज्ञा त्यात चालत नाहीत; परंतु या परीक्षेपुरता सराव त्यावर उत्तम होतो. शक्य झाल्यास पुढे जुन्या बाजारातून एखाददुसरा वापरलेला स्विच घ्यावा. खरी तार खऱ्या भोकात बसविण्याने जी भीड चेपते, ती पडद्यावर चेपत नाही.

पहिला आठवडा आम्ही त्याला केवळ पायऱ्या ओळखावयास लावल्या. या यंत्रात शिरताना प्रथम ओसरी लागते. तेथून नुसते पाहता येते. पुढे माजघर, तेथे सर्व तपासता येते. त्यापुढे देवघर, तेथेच मांडणी बदलता येते. आपण कोणत्या खोलीत आहोत, हे पडद्यावरील ओळीच्या शेवटच्या चिन्हावरून आणि शब्दांवरून कळते. नवशिक्यांच्या निम्म्याअधिक अडचणी, आज्ञा बरोबर पण खोली चुकीची, एवढ्याच असतात, असा आमचा अनुभव आहे.

दुसरा धडा दोन वह्यांचा. यंत्राजवळ एक चालू वही असते आणि एक जपून ठेवलेली. आपण दिलेली आज्ञा तत्काळ चालू वहीत जाते आणि अमलात येते. परंतु ती जपलेल्या वहीत उतरविली नाही, तर वीज जाताच पुसली जाते. उतरविण्याची आज्ञा वेगळी द्यावी लागते. सायंकाळभर केलेले काम त्या मुलाने एकदा असेच घालविले. आम्ही मुद्दामच त्याला आधी सावध केले नव्हते. त्यानंतर तो कधीही विसरला नाही.

तिसरा धडा पत्त्यांच्या गणिताचा. वानगीदाखल, १९२.१६८.१०.० हे जाळे चार समान वाट्यांत विभागावयाचे आहे. प्रत्येक वाट्यास ६४ पत्ते येतात. त्यांतील पहिला जाळ्याच्या नावाचा आणि शेवटचा सर्वांना हाक देण्याचा, म्हणून यंत्रांस ६२ उरतात. वाटे ०, ६४, १२८ आणि १९२ पासून सुरू होतात. मग ज्या यंत्राचा शेवटचा अंक ७७ आहे, ते ६४ च्या वाट्यात पडते आणि त्या वाट्याचा हाकेचा पत्ता १२७ हा ठरतो. असे रोज दहा हिशेब कागदावर करावेत. पाढे पाठ असणाऱ्या मुलाला हे जड नाही, आणि परीक्षेत मिनिटे मोजकीच असल्यामुळे हा वेगच उपयोगी पडतो.

चौथ्या धड्यासाठी आम्ही आपल्या या वास्तूचेच चित्र घेतले. येथे कार्यालय आहे, वाचनालय आहे आणि वर विद्यार्थ्यांचे वसतिगृह आहे. कार्यालयातील संगणकात वधू-वरांच्या नोंदी असतात. त्या वसतिगृहातील मुलांच्या दृष्टीस पडू नयेत, याविषयी कोणाचे दुमत होणार नाही. एकाच स्विचवर १०, २० आणि ३० अशी तीन आभासी जाळी करावयाची, दोन स्विचांमधील एकाच तारेवरून तिन्हींची वाहतूक वेगवेगळ्या खुणा लावून न्यावयाची, राउटरच्या एका दाराचे तीन कल्पित भाग करून प्रत्येकास एकेक जाळे द्यावयाचे, आणि मग वसतिगृहातून बाहेरच्या जगात जाता यावे पण कार्यालयात शिरता येऊ नये, अशी परवानगीची यादी लावावयाची. त्या मुलाने यादीत नकाराची ओळ लिहिली आणि परवानगीची लिहिण्याचे राहिले. परिणामी वसतिगृहाला सारे जगच बंद झाले. अशा यादीच्या शेवटी न दिसणारी, सर्वांस मनाई करणारी एक ओळ असतेच, हे पुस्तकात त्याने वाचले होते. समजले मात्र त्या दिवशी. राउटरची दारे मुळात बंद असतात आणि ती आज्ञा देऊन उघडावी लागतात, हेही असेच एक तास वाया घालवून त्याच्या ध्यानी आले.

या सरावात आम्ही चार नियम पाळले. पहिला, आज्ञा कोठूनही उचलून चिकटवावयाची नाही. प्रत्येक अक्षर स्वतः टंकावयाचे. दुसरा, मांडणी साधली की ती पुसून दुसऱ्या दिवशी कोऱ्या यंत्रापासून पुन्हा करावयाची. त्याच मांडणीस प्रथम तीन तास लागले. सातव्या खेपेस पाऊण तास लागला. तिसरा, तपासणीची आज्ञा देण्यापूर्वी काय दिसेल, ते वहीत लिहावयाचे आणि मग पडद्याशी ताडून पाहावयाचे. जेथे दोन्ही जुळत नाहीत, तेथेच आपले अज्ञान असते. चौथा नियम महत्त्वाचा: एकाने दुसऱ्याची चालती मांडणी गुपचूप बिघडवावयाची आणि दुसऱ्याने दोष शोधावयाचा. धंद्यात पगार मिळतो तो मुख्यतः याच कामाचा.

आम्ही हे अधिकारवाणीने सांगत आहोत, असे कोणी समजू नये. आमचा स्वतःचा एक प्रसंग सांगतो. बरीच वर्षे झाली. एका कारखान्याच्या दूरच्या स्विचवर नवे ३० क्रमांकाचे जाळे चालू करावयाचे होते. आम्ही पुण्यात घरी बसून रात्री आज्ञा दिली. दोन स्विचांमधील तारेवर कोणकोणत्या जाळ्यांस मुभा आहे, त्या यादीत ३० ची भर घालावयाची होती. भर घालण्यासाठी आज्ञेत ॲड हा एक लहानसा शब्द लागतो. तो आम्ही गाळला. त्याचा अर्थ यंत्राने असा घेतला की, यापुढे केवळ ३० लाच मुभा, बाकी सर्व बंद. क्षणात वजनकाटा, कोठार आणि आमचा स्वतःचा त्या स्विचपर्यंत जाण्याचा मार्ग, सारे तुटले. फाटकाबाहेर मालमोटारी उभ्या राहिल्या. सुदैवाने आम्ही ती आज्ञा जपलेल्या वहीत अद्याप उतरविली नव्हती. पहारेकऱ्यास दूरध्वनी करून स्विचची वीज काढून पुन्हा लावण्यास सांगितले आणि जुनी मांडणी परत आली. दहा मिनिटांनी यंत्राने आपोआप पुन्हा सुरू व्हावे, अशी आज्ञा आधी देऊन ठेवावी आणि काम सुखरूप झाल्यावर ती रद्द करावी, ही रीत आम्हांस ठाऊक होती. आळसाने पाळली नव्हती. तेव्हापासून ती एकदाही मोडलेली नाही. चोरलेल्या उत्तरांत ॲड हा शब्द पाठ करता येईल. पण तो गाळल्यावर काय होते, याची धास्ती पाठ करता येत नाही. सरावाच्या पडद्यावर अशी चूक दहादा करावी. तेथे कोणाचीही मालमोटार अडत नाही.

आता पालकांच्या प्रश्नाचे उत्तर. हे प्रमाणपत्र नोकरीची हमी नव्हे. ते दार ठोठावण्याचा अधिकार देते. दार उघडल्यावर आत काय करावयाचे, हे हातालाच दाखवावे लागते. परीक्षेचे सहा भाग आहेत. त्यांत मार्गांच्या जोडणीस २५ टक्के, मूलतत्त्वे आणि जाळ्यातील प्रवेश यांस प्रत्येकी २० टक्के, सुरक्षिततेस १५ टक्के, आणि सेवा व स्वयंचलन यांस प्रत्येकी १० टक्के वाटा आहे. स्वयंचलनामुळे पुढे माणसाला कामच उरणार नाही, असे कोणी म्हणतात. शंभर स्विचांना एकाच वेळी आज्ञा देणारी साधने आली आहेत, हे खरे. परंतु चुकीची आज्ञाही मग एकाच वेळी शंभर ठिकाणी जाते. तेव्हा आज्ञेचा अर्थ जाणणाऱ्याची गरज कमी न होता वाढते, असे आम्हांस वाटते.

इंग्रजीची धास्ती घेणाऱ्या मुलामुलींना एवढेच सांगतो की, या कामातील रोजच्या आज्ञांचे शब्द थोडे आहेत आणि ते हातात बसतात. आणि हे काम मुलींचे नव्हे, असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांस सविनय स्मरण देतो की, स्विचांच्या जाळ्यात निरोप गोल गोल फिरून सारे जाळे गुदमरू नये, म्हणून जी युक्ती अजूनही जगभर वापरली जाते, ती १९८५ साली रेडिया पर्लमन या विदुषीने शोधून काढली.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे आपणांस जाणून घ्यावयाचे असेल. पाच महिन्यांच्या सरावानंतर तो दुसऱ्या एका ठिकाणी मुलाखतीस गेला. आपले प्रमाणपत्र कसे मिळविले, हे त्याने तेथे स्वतः होऊन सांगितले आणि, "कागद बाजूला ठेवा, यंत्र समोर ठेवा," अशी विनंती केली. काम मिळाले, पगार बेताचा आणि पाळी रात्रीची. ते जुने प्रमाणपत्र तो आता कोणास दाखवीत नाही. नव्याने परीक्षा द्यावयाची आणि या खेपेस स्वतःच्या हाताने द्यावयाची, त्याचे शुल्क मात्र निधीकडून घ्यावयाचे नाही, असा त्याचा निश्चय आहे. पूर्वी घेतलेली रक्कमही तो दरमहा थोडी थोडी करून निधीत भरीत आहे. आम्ही त्याला तसे सांगितले नव्हते.

अखेरीस मंडळापुढे आमच्या दोन विनंत्या आहेत. वाचनालयामागील खोली सायंकाळी दोन तास मोकळी असते. तेथे एक लांब टेबल, सभासदांच्या घरी पडून असलेले तीन-चार चालते संगणक आणि दोन वापरलेले स्विच ठेवावेत. शिकविण्यास आठवड्यातून तीन दिवस आम्ही येऊ. तो मुलगाही येण्यास तयार आहे. दुसरी विनंती अशी की, निधीचा नियम बदलावा. शुल्काचे साहाय्य उत्तीर्ण झाल्यावर न देता परीक्षेपूर्वीच द्यावे; पण ज्या विद्यार्थ्याने कोऱ्या यंत्रावर, कोणाच्या मदतीवाचून, समितीसमोर ठरलेली मांडणी करून दाखविली, त्यालाच द्यावे. मग तो परीक्षेत एकदा नापास झाला, तरी निधीचा पैसा वाया गेला, असे आम्ही म्हणणार नाही. कारण विद्या त्याच्या हातात राहिलेली असेल.